पाण्याखालचा कॅमेरा व संकलकाची कात्री

कोणतेंहि साधन सुलभ झालें म्हणजे त्याचा उपयोग करणारांची संख्या वाढते. परंतु तो कसा करावा याचा विचार करणारांची संख्या त्याच प्रमाणांत वाढतेच असें नाहीं. पाण्याखालील चित्रणाच्या बाबतींत आज नेमकें असेंच झालें आहे. ज्या कामासाठीं शंभर वर्षांपूर्वी जहाज, पोलादी नळी व अनेक माणसें लागत, तें काम आज खिशांत मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यानें शाळेंतील मुलगाहि करूं शकतो. सुट्टींत मालवण-तारकर्लीस जाऊन आलेले आमचे कित्येक विद्यार्थी आपापलीं चलचित्रें मोठ्या हौसेनें आम्हांस दाखवितात. तीं पाहून आम्हांस आनंद होतो आणि थोडी काळजीहि वाटते. ती काळजी कशाबद्दलची, हें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मोकळेपणानें मांडावें एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

हा विषय अगदीं नवा आहे असें कोणी समजूं नये. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स येथें लुई बूतां या प्राणिशास्त्रज्ञानें इ. स. १८९३ मध्यें पाण्याखालीं छायाचित्रें घेतलीं. १९१४ सालीं जॉन अर्नेस्ट विल्यमसन यानें बहामा बेटांजवळ, जहाजाखालीं सोडलेल्या नळीच्या टोकाशीं कांचेची खिडकी असलेली कोठडी बसविली, आणि तींत बसून समुद्रांतील चलचित्र घेतलें. पुढें १९२६ सालीं फ्लॉरिडाजवळ विल्यम लाँगले व चार्ल्स मार्टिन या दोघांनीं पाण्याखालचीं पहिलीं रंगीत छायाचित्रें टिपलीं. तेव्हां पुरेसा उजेड पडावा म्हणून पाण्यावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागे. नॅशनल जिऑग्राफिक मासिकानें तीं चित्रें १९२७ च्या जानेवारी महिन्यांत छापलीं. या लोकांस एकेका चित्रासाठीं इतके श्रम पडत कीं, चित्र घेण्यापूर्वी त्यांस दहा वेळां विचार करावा लागे. आज बोटानें कळ दाबली कीं चित्रण सुरू होतें, आणि तें न आवडल्यास पुसूनहि टाकतां येतें. श्रम गेले हें चांगलेंच झालें. त्यांच्याबरोबर विचारहि जाऊं नये एवढीच आमची इच्छा आहे.

प्रथम पाणी काय करतें तें समजून घेऊं. हवेंत डोळ्यांस जें दिसतें तें कॅमेरा बहुतेक तसेंच टिपतो. पाण्यांत तसें होत नाहीं. सूर्यप्रकाशांत सर्व रंग मिसळलेले असतात, परंतु पाणी ते सर्व रंग सारख्या प्रमाणांत पुढें जाऊं देत नाहीं. तांबडा रंग तें सर्वांआधीं गिळतें. पांच मीटर खोलीवरच तांबड्याचा मोठा भाग नाहींसा झालेला असतो. त्यामागून नारिंगी व मग पिवळा जातो. स्वच्छ महासागरांत शेवटीं निळा उरतो. आमच्या किनाऱ्यालगत मात्र पाण्यांत गाळ व सूक्ष्म वनस्पती असल्यामुळें सारें दृश्य हिरवट दिसतें. बाजारांत टोपलींत लालबुंद दिसणारी तांबोशी तिच्या घरीं, पंधरा-वीस मीटर पाण्याखालीं पाहिली, तर ती करडी दिसते. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. प्रकाशाचा पाण्यांतील प्रवास पृष्ठभागापासून माशापर्यंत धरून भागत नाहीं; माशापासून कॅमेऱ्यापर्यंतचें अंतरहि त्यांत मिळवावें लागतें. मासा पांच मीटर खोल असून कॅमेरा त्याच्यापासून तीन मीटर दूर असेल, तर प्रकाशास आठ मीटर पाणी ओलांडावें लागतें, आणि तेवढ्या पाण्याची तूट त्या चित्रांत दिसून येते.

शिवाय पाणी व हवा यांच्या सीमेवर प्रकाशकिरण वांकतात. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारें १.३३ असल्यामुळें, सपाट कांचेंतून पाहणाऱ्यास पाण्यांतील वस्तु खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर व सुमारें एक-तृतीयांशानें मोठी भासते. म्हणून ‘केवढा मोठा मासा पाहिला!’ असें सांगणाऱ्या पाणबुड्यास एकदम खोटा म्हणूं नये. त्यास पाण्यानें फसविलेलें असतें. परंतु जो वारंवार पाण्यांत जातो त्यानें ही फसगत ओळखूं नये, हें मात्र बरें नव्हे.

या दोन नियमांवरून चित्रणाची बहुतेक कला आपोआप निघते. विषयाच्या जवळ जावें, हा पहिला पाठ. कॅमेऱ्याच्या भिंगानें दूरची वस्तु मोठी करून घेतां येते, पण मधलें पाणी कांहीं कमी होत नाहीं. तें रंग खाणारच व गाळहि दाखविणारच. एक मीटर किंवा त्याहून कमी अंतरावरून घेतलेलें चित्र स्वच्छ येतें. दुसरा पाठ पांढऱ्या रंगाचा. छोट्या कॅमेऱ्यांपैकीं पुष्कळांत अशी सोय असते कीं, पांढरी पाटी समोर धरून कळ दाबली म्हणजे कॅमेरा त्या खोलीवर पांढरा रंग कसा दिसतो हें शिकून घेतो, आणि त्या मानानें इतर रंगांचें प्रमाण जुळवितो. खोली दोन-तीन मीटरांनीं बदलली कीं हा पाठ कॅमेऱ्यास पुन्हां द्यावा लागतो. निळ्या पाण्यांत तांबडी व हिरव्या पाण्यांत किरमिजी रंगाची कांच भिंगापुढें लावण्याचीहि चाल आहे. मात्र ती कांच प्रकाशहि अडविते, म्हणून ती उन्हाच्या वेळीं व उथळ पाण्यांतच उपयोगी पडते. दिवा न्यावयाचा तर तो भिंगाला लागून धरूं नये, बाजूला दूर धरावा. नाहींतर पाण्यांतील गाळाचा कण न् कण उजळून चित्रांत हिमवर्षाव झाल्यासारखें दिसतें.

यंत्राची काळजी हा तिसरा पाठ. ऑलिंपस कंपनीनें २०१९ सालीं काढलेला टफ टीजी-६ हा छोटा कॅमेरा १५ मीटर खोलीपर्यंत उघडाच नेतां येतो; त्याहून खोल जावयाचें तर त्यास पारदर्शक कवच चढवावें लागतें. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारें एका वातावरणाइतका वाढत जातो, आणि तो दाब अडविण्याची सारी भिस्त दाराच्या कडेला बसविलेल्या एका रबरी कड्यावर असते. त्यास ओ-रिंग म्हणतात. त्या कड्यावर डोक्याचा एक केस अगर वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आंत शिरतें व महागडें यंत्र क्षणांत निकामी होतें. म्हणून तें कडें प्रत्येक वेळीं उजेडांत धरून पाहावें आणि बनविणारानें सांगितलें असल्यास त्यास सिलिकॉनच्या वंगणाचें अगदीं पातळ बोट लावावें. नवें कवच प्रथम रिकामेंच, आंत टिपकागद ठेवून, बादलीभर पाण्यांत बुडवून पाहावें. समुद्रांतून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यांत कांहीं वेळ भिजत ठेवावा व पुसून कोरडा केल्यावरच उघडावा. ज्या मुलास हें रोजचें काम कंटाळवाणें वाटतें, त्याच्या हातीं कॅमेरा देण्याची घाई पालकांनीं करूं नये.

चौथा पाठ सर्वांत महत्त्वाचा. तो कॅमेऱ्याचा नसून शरीराचा आहे. चित्र हलूं नये म्हणून जमिनीवर आपण क्षणभर श्वास रोखून धरितों. हवेचें नळकांडें पाठीवर घेऊन पाण्यांत उतरलेल्या माणसानें असें कधींहि करूं नये. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या खोलीवर छातींत भरून घेतलेली हवा वर येतां येतां बॉइलच्या नियमाप्रमाणें दुप्पट जागा मागते, आणि श्वास रोखला असेल तर फुप्फुसास गंभीर इजा होते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत पाठ केलेला नियम येथें प्राणाशीं गांठ घालतो. चित्र हललें तर हलूं द्यावें. श्वास चालूं ठेवावा. खरें स्थैर्य श्वास रोखून येत नाहीं. तें पाण्यांत न बुडतां न तरंगतां अधांतरीं राहण्याच्या अभ्यासानें येतें. आणि हा अभ्यास कॅमेरा हातीं घेण्यापूर्वी, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं पुरा झाला पाहिजे. असें आम्ही इतक्या आग्रहानें कां म्हणतों, त्याचें कारण आमच्याच एका प्रमादांत आहे. तो सांगण्यास संकोच वाटतो. तथापि न सांगितल्यास या लेखाला कांहींच अर्थ राहणार नाहीं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपून पाणी निवळल्यावर आम्ही एका स्नेह्यासह मालवणच्या समुद्रांत उतरलों होतों. खोली सात मीटरांच्या आसपास होती. खडकाच्या फटींत गोबऱ्याचें एक पिल्लूं तोंड बाहेर काढून बसलें होतें. त्याचें चित्र साधावें म्हणून आम्ही पुढें झुकलों, दोन्ही हातांनीं कॅमेरा धरला, आणि वीस सेकंदपर्यंत त्या पिलाखेरीज आम्हांस जगांत दुसरें कांहीं दिसलें नाहीं. चित्र उत्तम आलें. सायंकाळीं मुक्कामावर संगणकाच्या पडद्यावर तें पाहून आम्ही एकमेकांचें अभिनंदनहि केलें. मग आमच्या स्नेह्यानें त्याच वेळीं मागून घेतलेला तुकडा लावला. त्यांत आमचा कॅमेरा दिसत होता, आमची पाठ दिसत होती, आणि आमच्या पायाचा रबरी पंखा एका पसरट पोवळ्याच्या कडेवर आदळतांना दिसत होता. तळहाताएवढा एक तुकडा मोडून खालीं पडला. गाळाचा लहानसा ढग उठला. आम्हांस त्याची दादहि नव्हती. पोवळ्याच्या कित्येक जाती वर्षाकांठीं एखाद-दुसरा सेंटिमीटरच वाढतात, हें आम्ही वर्गांत अनेकदां शिकविलें होतें.

आतां संकलनाकडे वळूं, कारण पुढचा प्रश्न तेथेंच उभा राहिला. पाण्याखालीं घेतलेलें चित्रण जसेंच्या तसें कोणी दाखवूं नये. तें पाहणाऱ्यावर अन्याय होतो. चाळीस मिनिटांच्या चित्रणांतून पाहण्याजोगीं चार मिनिटें निघालीं तरी पुष्कळ झालीं. प्रत्येक तुकडा घेतांना कॅमेरा निदान दहा सेकंद स्थिर धरावा, म्हणजे संकलनाच्या वेळीं त्यांतून पांच-सहा सेकंद निवडतां येतात. प्रथम सबंध जागा दाखविणारें दूरचें दृश्य, मग खडक, मग खडकांतील जीव, असा क्रम ठेवला तर पाहणाऱ्यास आपण कोठें आहों तें कळतें. सेकंदाला साठ चित्रें या वेगानें घेतलेलें दृश्य तीसच्या वेगानें दाखविलें, तर गति निम्मी होते व पाण्याच्या हेलकाव्यानें आलेला कंप सौम्य वाटतो. कवचांत बंद असलेल्या कॅमेऱ्यास बुडबुडे व कवचाची घासाघीस याखेरीज फारसें ऐकूं येत नाहीं. म्हणून घरीं येऊन आपल्याच आवाजांत चार वाक्यें नोंदवून जोडावीं. त्यावर सिनेमाचें गाणें चढविण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. त्यानें समुद्र मागें पडतो व गाणें पुढें येतें. संगणकावर हें सर्व करण्याचे कार्यक्रम आज फुकट मिळतात. डाव्हिंची रिझॉल्व्ह याची विनामूल्य आवृत्ति शाळेच्या कामास पुरून उरते.

येथवर कोणाचा मतभेद होण्याचें कारण नाहीं. मतभेद रंगापासून सुरू होतो. संगणकावर एक खूण सरकविली कीं हिरवट दृश्यांत तांबडा रंग परत येतो. हा खोटेपणा आहे काय? कांहीं कडक विचारांचे लोक म्हणतात कीं, पाण्याखालीं जें दिसलें तेंच दाखवावें, त्यावर हात फिरवूं नये. आम्ही त्यांच्याशीं सर्वस्वीं सहमत नाहीं. पाटी धरून घेतलेल्या पांढऱ्या रंगाच्या आधारानें पाण्यानें नेलेला रंग परत आणणें, हें फाटलेल्या पोथींतील अक्षर दुसऱ्या प्रतीवरून भरून काढण्यासारखें आहे. आधार आहे म्हणूनच तें प्रामाणिक आहे. परंतु आधार सोडून, केवळ डोळ्यांस गोड वाटतें म्हणून रंग गडद करीत जाणें, ही गोष्ट निराळी. त्यांत चित्राचाहि नाश आहे, कारण कॅमेऱ्यानें जो रंग मुळांत टिपलाच नाहीं तो संकलनानें येत नाहीं. ओढून आणूं गेल्यास रंगाऐवजी ठिपक्यांची खर मात्र वर येते.

दुसरी बाजूहि विचारांत घेतली पाहिजे. तांबोशीचा लाल रंग आम्ही परत आणला, पण समुद्रांतील दुसऱ्या कोणत्या माशानें तिला तशी लाल पाहिली असेल? खोल पाण्यांत तांबडा रंग पोंचतच नसल्यामुळें तांबड्या अंगाचा प्राणी तेथें काळपट होऊन अंधारांत मिसळतो. तें त्याचें लपण्याचें पांघरूण आहे. आमच्या दिव्यानें व संकलनानें तें पांघरूण आम्ही काढून घेतों. यास्तव आमचें मत असें कीं, रंग अवश्य दुरुस्त करावा, परंतु चित्राच्या आरंभीं एखादें दृश्य दुरुस्त न करतां दाखवावें, आणि ‘पुढील रंग पाण्यानें नेले होते, ते आम्हीं परत आणले आहेत’ असें स्पष्ट सांगावें. पाहणारास दोन्ही सत्यें मिळतात, व फसवणूक कोणाचीहि होत नाहीं.

हा आग्रह केवळ सोवळेपणाचा नाहीं. त्यांत मोठें काम अडकलेलें आहे. पाणी नेहमींपेक्षां फार दिवस उष्ण राहिलें म्हणजे पोवळें आपल्या अंगांत राहणाऱ्या सूक्ष्म वनस्पती बाहेर टाकतें आणि पांढरें पडतें. १९९८ सालीं व त्यानंतर अनेक वेळां जगभरच्या समुद्रांत हें घडलें. २०२४ च्या एप्रिलांत तज्ज्ञांनीं अशा चौथ्या जागतिक आपत्तीची घोषणा केली. महाराष्ट्र शासनानें १९८७ सालीं मालवणजवळचें सुमारें २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलें, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालचें पाणी त्यांत येतें. तेथील पोवळीं यंदा कशीं आहेत व पांच वर्षांपूर्वी कशीं होतीं, हें सांगणारी जी थोडी साधनें आहेत त्यांत प्रवाशांच्या छोट्या कॅमेऱ्यांचीं चित्रें धरतां येतील. परंतु फिकट पडलेल्या पोवळ्यावर संकलकानें रंग चढविला असेल तर आजारी माणसाच्या गालांना कुंकू लावून छायाचित्र काढल्यासारखें होईल. पुढील पिढींतील अभ्यासकास त्याचा कांहीं उपयोग नाहीं, उलट अपायच आहे. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, कान्होजी आंग्रे यांच्या नांवानें ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडालेली पोवळ्यांची पठारभूमि आहे. ती आपल्यापैकीं बहुतेकांस कधींच पाहावयास मिळणार नाहीं. अशा जागेबद्दल आमचा सर्व विश्वास कॅमेऱ्यानें आणलेल्या साक्षीवरच राहणार. साक्षीदारानें साक्ष कशी द्यावी, हें मुलांस निराळें सांगावयास नको.

रंगापेक्षां कठीण प्रश्न कात्रीचा. काय ठेवावें व काय कापावें, यांत खरें-खोटें कोठें येतें? दोन जुन्या चित्रपटांचें उदाहरण घेऊं. झाक-ईव्ह कूस्तो व लुई माल यांचा ‘सायलेंट वर्ल्ड’ हा चित्रपट १९५६ सालीं कान येथील सर्वोच्च पारितोषिकास पात्र ठरला. समुद्राच्या पोटांतील रंगीत सृष्टि त्यानें लक्षावधि लोकांस प्रथमच दाखविली. त्याच चित्रपटांत मासे मोजण्यासाठीं पोवळ्यांच्या खडकांत सुरुंग उडवितांना दाखविलें आहे. जहाजाच्या पंख्यानें घायाळ झालेलें देवमाशाचें पिल्लूं व त्यामागून शार्क माशांची खलाश्यांनीं केलेली कत्तल हींहि त्यांत आहेत. आज तीं दृश्यें पाहून अंगावर शहारे येतात. उलट १९५८ सालीं निघालेला ‘व्हाइट विल्डरनेस’ हा चित्रपट पाहा. त्यांत लेमिंग नांवाचे लहान प्राणी आपण होऊन समुद्रांत उड्या टाकून मरतात असें दाखविलें होतें, आणि त्यासहि अमेरिकेंतील ऑस्कर पारितोषिक मिळालें. पुढें १९८२ मध्यें कॅनडांतील दूरचित्रवाणीनें शोध घेतला तेव्हां उघड झालें कीं, ते प्राणी दुसरीकडून आणलेले होते, त्यांस कड्यावरून ढकललें होतें, आणि तो समुद्र नसून नदी होती. कात्री व कॅमेरा यांनीं मिळून एक असत्य जन्मास घातलें, आणि तें आजहि लोकांच्या तोंडीं आहे.

पहिल्या चित्रपटांतील माणसें क्रूर वागलीं, पण त्यांनीं आपलें वर्तन पडद्यावर ठेवलें. म्हणून आज आम्ही त्यांचा न्याय करूं शकतों व त्यापासून शिकूंहि शकतों. दुसऱ्यांत शिकण्याजोगें कांहीं उरलेंच नाहीं, कारण तेथें मूळ घटनाच नाहीं. आम्ही पहिल्यांचें समर्थन करीत नाहीं. परंतु झालेली चूक दिसूं देणारी कात्री आणि चूक लपविणारी कात्री यांत मोठें अंतर आहे, एवढें त्यावरून स्पष्ट होतें.

आमच्या कात्रीनें काय केलें? लज्जेची गोष्ट ही कीं, पहिल्या खेपेस तिनें तो मोडलेल्या पोवळ्याचा तुकडा कापून टाकला. आठ मिनिटांचें चित्र तयार झालें व तें वरच्या वर्गांस दाखविलें. गोबऱ्याच्या पिलावर मुलांनीं टाळ्या दिल्या. मग मागच्या बाकावरील एका मुलीनें उठून विचारलें, ‘सर, इतक्या जवळ जातांना आपण पोवळ्यांना पाय कसा लागूं दिला नाहीं?’ आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें. तें खोटें नव्हतें, पण खरेंहि नव्हतें. पाण्यांत तोल कसा सांभाळावा यावर आम्ही बोलत राहिलों. ती मुलगी समाधानानें खालीं बसली. तिचें तें समाधान आम्हांस त्या रात्रीं फार जड गेलें. पुढच्या आठवड्यांत त्याच वर्गांपुढें आम्हीं तो कापलेला तुकडा लावला, व तिच्या प्रश्नाचें उत्तर पुन्हां दिलें. त्या वेळीं टाळ्या पडल्या नाहींत. वर्ग बराच वेळ शांत होता. परंतु त्यानंतर त्या वर्गांतील ज्या मुलांनीं आपलीं चलचित्रें आम्हांस आणून दाखविलीं, त्यांतील कित्येकांनीं ‘येथें आमचा हात लागला’, ‘येथें नावाड्यानें माशांना पाव टाकला म्हणून ते गोळा झाले’ असें आपण होऊन सांगितलें. आमच्या आठ सुंदर मिनिटांनीं जें झालें नसतें, तें त्या बारा कुरूप सेकंदांनीं झालें.

पाव टाकण्याचा उल्लेख आला म्हणून त्याबद्दल दोन शब्द. पाव-बिस्किटें टाकून मासे जमवावे व त्या घोळक्यांत पाहुण्याचें चित्र घ्यावें, ही रीत पर्यटनाच्या ठिकाणीं पुष्कळ आढळते. जे नावाडी व पाणबुडे त्यावर पोट भरतात त्यांस दोष देऊन आम्ही मोकळे होऊं इच्छीत नाहीं. पाहुण्यास जें हवें तेंच ते पुरवितात. मागणी आमची आहे. पाव हें माशाचें अन्न नव्हे, आणि पावासाठीं जमलेला घोळका हें समुद्राचें चित्र नव्हे. तसेंच समुद्रघोडा उचलून भिंगापुढें धरणें, शिंपल्यांतील जीव बाहेर काढणें, आठवण म्हणून पोवळ्याचा तुकडा घरीं आणणें, या गोष्टी केवळ असभ्य नाहींत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं खडक रचणाऱ्या पोवळ्यांचा व समुद्रघोड्यांचा समावेश झाला. त्यांस इजा करणें हा गुन्हा आहे.

आतां पालकांस विनंती. मुलास कॅमेरा घेऊन द्यावा कीं न द्यावा, असें पुष्कळ पालक विचारतात. आमचें उत्तर असें कीं, अवश्य द्यावा, पण सर्वांत शेवटीं. आधीं पोहणें, मग पाण्यांत स्थिर राहणें, मग पाण्यांतील जीव ओळखणें, आणि त्यानंतर कॅमेरा. आरंभीं बादली व तरणतलाव पुरे. तेथें पांढऱ्या पाटीचा धडा गिरवावा, हात स्थिर करावा, ओ-रिंग साफ करण्याची संवय लावावी. दक्षिण आफ्रिकेंतील क्रेग फॉस्टर हे गृहस्थ केपटाऊनजवळच्या थंड समुद्रांत जवळजवळ वर्षभर दररोज एकाच जागीं उतरत राहिले व एका अष्टपादाशीं त्यांचा परिचय झाला. त्यावरील ‘माय ऑक्टोपस टीचर’ हा २०२० सालचा चित्रपट पुढील वर्षीं ऑस्कर पारितोषिकास पात्र ठरला. रोज त्याच जागीं जाण्याचा धीर कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं, तो घरांतूनच यावयास हवा. आणि मूल आपलें चलचित्र दाखवूं लागलें म्हणजे ‘वाहवा’ म्हणून उठूं नये. हें कोठलें, कोणत्या दिवशींचें, किती खोलीवरचें, यांत तूं काय बदललेंस, आणि काय कापलेंस, असे प्रश्न प्रेमानें विचारावे. शेवटचा प्रश्न विसरूं नये.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. आपल्या प्रत्येक चलचित्राच्या आरंभीं एक पाटी दाखवावी. तिच्यावर ठिकाण, तारीख व खोली लिहावी, आणि रंग दुरुस्त केला असल्यास तसें लिहावें. पाण्याखालीं आपल्या हातून कांहीं मोडलें, कोणा जीवास त्रास झाला, तर तेंहि लिहावें. चित्र त्यामुळें कमी सुंदर होईल हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु समुद्राच्या तळाशीं काय चाललें आहे हें घरीं बसलेल्या आई-वडिलांस, आजीस, धाकट्या भावंडांस दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें कळावयाचें नाहीं. तीं सर्व माणसें आपल्यावर विश्वास ठेवून त्या लहानशा पडद्याकडे पाहात असतात.

मोडलेल्या पोवळ्याचा तो तुकडा आम्ही पुसून टाकलेला नाहीं. दर वर्षीं पाण्याखालील चित्रणाचा पहिला तास आम्ही त्यानेंच सुरू करितों, व यापुढेंहि तसेंच करूं. आमच्या विद्यार्थ्यांचीं चित्रें आमच्या चित्रांहून पुष्कळ सरस निघोत, आणि त्यांच्या पाट्यांवर लिहिण्याजोग्या चुका थोड्या असोत, एवढी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करितों.